घर्षणाची उदाहरणे कशी सोडवावीत?

उदाहरण घर्षणाचे आहे एवढे कळले, की विद्यार्थ्याचा हात चटकन एका सूत्राकडे जातो. घर्षणांक आणि लंब प्रतिक्रिया यांचा गुणाकार केला, की झाले घर्षण! सूत्र पाठ असते, गुणाकारही बरोबर येतो, आणि उत्तर मात्र चुकते. असे चारदोन वेळा झाले म्हणजे "पदार्थविज्ञान काही आपल्याला जमायचं नाही" अशी मुलाची समजूत होते, आणि घरची मंडळीही "जाऊ दे, दुसरा विषय घे" म्हणून मोकळी होतात. वास्तविक चूक गुणाकारात नसते. घर्षणाचा स्वभाव ओळखला नाही, म्हणून ती होते. तो स्वभाव एकदा ध्यानात आला, की अकरावीच्या पुस्तकातली ही उदाहरणे सोपी वाटू लागतात. एवढेच नव्हे, तर १९९३ साली आपल्या उमरगा भागावर जी आपत्ती कोसळली, तिच्यातला एक प्रश्नही याच उदाहरणांच्या चौकटीत बसतो. त्या प्रश्नाकडे आपण शेवटी येऊ. आधी मोंढ्यात चला.

आडतीच्या दुकानासमोर फरशीवर सोयाबीनचे ५० किलोग्रॅमचे एक पोते आहे असे समजा. हिशेब सोपा व्हावा म्हणून गुरुत्वत्वरण १० धरू. म्हणजे पृथ्वी त्या पोत्याला ५०० न्यूटन बलाने खाली ओढते आहे. पोते फरशीत घुसत नाही, कारण फरशी त्याला तेवढ्याच बलाने वर उचलून धरते. फरशीच्या या बलाला लंब प्रतिक्रिया म्हणतात. पोते आणि फरशी यांच्यातला स्थितिक घर्षणांक ०.५ आणि गतिक घर्षणांक ०.४ आहे असेही समजू. स्थितिक म्हणजे पोते जागचे हलले नाही तोवरचा, आणि गतिक म्हणजे ते घसरू लागल्यानंतरचा.

आता हमालाने पोत्याला आडवे, १०० न्यूटन बलाने ढकलले. पोते हलले नाही. प्रश्न असा की, घर्षण किती?

वर्गातली निम्मी मुले सांगतात, "२५० न्यूटन." कारण ०.५ गुणिले ५०० बरोबर २५०. बरे, हे उत्तर खरे मानून पुढे जाऊ या. हमाल पुढे ढकलतो १०० ने, घर्षण मागे ढकलते २५० ने. म्हणजे १५० न्यूटन बल मागच्या दिशेने शिल्लक राहते. मग ते पोते हमालाच्याच अंगावर चालून यायला हवे! हमालाने हात लावला आणि पोते उलट त्यालाच ढकलू लागले, असे मोंढ्यात कोणी पाहिले आहे काय? पोते जागचे हलले नाही, याचाच अर्थ घर्षण बरोबर १०० न्यूटन होते. ना कमी, ना जास्त.

मग ते २५० कशाचे? ती मर्यादा आहे. किराणा दुकानातली उधारी आठवा. दुकानदार म्हणतो, "तुमची अडीचशे रुपयांपर्यंत उधारी चालेल." तुम्ही नेले शंभराचे सामान. तर तुमच्या नावावर किती मांडले जातील? शंभरच. अडीचशे ही उधारीची हद्द झाली, कर्ज नव्हे. घर्षणाचेही तसेच आहे. जितके मागाल तितके ते देते, पण हद्दीपर्यंतच. लागेल तेवढे आणि झेपेल तेवढे, हा त्याचा स्वभाव. घर्षणांकाच्या गुणाकारातून मिळते ते 'झेपेल तेवढे'. 'लागेल तेवढे' किती, ते प्रत्येक उदाहरणात वेगळे काढावे लागते, आणि विद्यार्थी नेमकी हीच पायरी गाळतो.

हमालाने जोर वाढवला. १५०, २००, २४०. घर्षणही पावलापावलाने वाढत गेले आणि पोते तिथेच राहिले. जोर ३०० झाला तेव्हा मात्र हद्द ओलांडली आणि पोते घसरू लागले. आता घर्षण किती? घसरणे सुरू झाल्यावर मागणी-पुरवठ्याचा प्रश्न उरत नाही. तिथे गतिक घर्षण लागू होते आणि ते ठरलेले असते. ०.४ गुणिले ५००, म्हणजे २०० न्यूटन. पुढे ३००, मागे २००, शिल्लक १००. या शिल्लक बलालाच निव्वळ बल म्हणतात. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे निव्वळ बलाला वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते. १०० भागिले ५०, म्हणजे २ मीटर प्रति सेकंद वर्ग.

निव्वळ बलाविषयी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. आकृती काढताना काही मुले ढकलण्याचा बाण काढतात, घर्षणाचा काढतात, वजनाचा काढतात, आणि जोडीला निव्वळ बलाचाही एक बाण काढून ठेवतात. आडतीच्या पट्टीवर मालाची एकूण रक्कम असते, तीतून हमाली आणि तोलाई वजा होते आणि खाली निव्वळ रक्कम लिहिलेली असते. ती निव्वळ रक्कम कोणी वेगळी आणून दिलेली नसते. तो वरच्या आकड्यांचा हिशेब असतो. निव्वळ बलही असेच आहे. ते कोणी 'लावत' नाही, ते हिशेबाअंती उरते.

आता हमालाने पोते घसरते ठेवून जोर २०० वर आणला. पुढे २००, मागे २००. निव्वळ बल शून्य. "म्हणजे पोतं थांबणार!" असे उत्तर लगेच येते. नाही, थांबणार नाही. निव्वळ बल शून्य म्हणजे त्वरण शून्य. वेग शून्य नव्हे. पोते ज्या वेगाने सरकत होते, त्याच वेगाने सरकत राहील. बल वेग टिकवण्यासाठी लागते, हा आपल्या रोजच्या अनुभवातून आलेला समज आहे. रोजच्या अनुभवात घर्षण सतत हजर असते, आणि आपला जोर त्याची भरपाई करण्यात खर्ची पडत असतो, म्हणून तसे वाटते.

लंब प्रतिक्रियेच्या बाबतीतही अशीच एक सवय घातक ठरते. ती म्हणजे लंब प्रतिक्रिया नेहमी वजनाइतकीच असते असे धरून चालणे. तेच पोते घ्या. हमाल आता तिरका जोर लावतो आहे, २५० न्यूटनचा. या तिरक्या जोराचे दोन भाग पाडले, तर आडवा भाग २०० आणि उभा भाग १५० येतो असे समजा. ३, ४, ५ बाजूंचा काटकोन त्रिकोण ज्याला ठाऊक आहे, त्याला हे आकडे ओळखीचे वाटतील.

पहिल्यांदा त्याने पोत्याला दोर बांधून पुढून, वरच्या बाजूला तिरके ओढले. उभा भाग पोते किंचित उचलतो. म्हणून फरशीवरचा भार ५०० मधून १५० वजा जाता ३५० राहतो. घर्षणाची हद्द झाली ०.५ गुणिले ३५०, म्हणजे १७५. आडवा जोर २००. हद्द ओलांडली, पोते सरकले. आता त्याने मागून, खाली वाकवून तिरके ढकलले. जोर तोच २५०. पण या वेळी उभा भाग पोत्याला फरशीवर दाबतो. लंब प्रतिक्रिया ६५०, हद्द ३२५. आडवा जोर २००. पोते ढिम्म हलत नाही, आणि घर्षण असते २००. माणूस तोच, जोर तोच, पोते तेच. ओढले तर सरकले, ढकलले तर अडले. कष्टाची कामे करणाऱ्या माणसाला ही गोष्ट अंगच्या अनुभवाने ठाऊक असते. आपण ती आकड्यांत मांडली, इतकेच.

इथवर जे केले त्याचा क्रम असा. आधी एकच वस्तू निवडायची. तिच्यावर कोण कोण बल लावते त्यांची नावे लिहायची, आणि प्रत्येक बलापुढे 'कोणाकडून?' हा प्रश्न विचारायचा. उत्तर देता आले नाही, तर ते बल खोटे समजून खोडायचे. मग उभ्या दिशेचा हिशेब करून लंब प्रतिक्रिया काढायची. त्यानंतर, वस्तू घसरत नाही असे तात्पुरते गृहीत धरून, त्यासाठी किती घर्षण लागेल ते काढायचे आणि हद्दीशी ताडून पाहायचे. लागणारे घर्षण हद्दीच्या आत असेल, तर तेच उत्तर. हद्दीबाहेर गेले, तर वस्तू घसरते आहे. गतिक घर्षण घ्यायचे, निव्वळ बल काढायचे आणि वस्तुमानाने भागायचे. सूत्र शेवटी येते, आरंभी नव्हे.

हा हद्दीचा नियम आला कोठून, हेही थोडे पाहू. न्यूटनचे गतीचे नियम १६८७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. घर्षणाची हद्द लंब दाबाच्या प्रमाणात असते, आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ती अवलंबून नसते, हे फ्रान्समधील आमोंतों यांनी १६९९ साली प्रयोगांवरून मांडले. पुढे १७८१ च्या सुमारास कूलोम या लष्करी अभियंत्याने लाकूड, धातू, दोर अशा अनेक गोष्टींवर प्रयोग करून स्थितिक आणि गतिक घर्षणातला फरक नीट दाखवला. विद्युतभाराचे एकक ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे कूलोम. सांगायचे असे की, घर्षणांकाचा नियम हा प्रयोगांतून हाती आलेला ठोकताळा आहे. कोरड्या, टणक पृष्ठभागांना तो चांगला लागू पडतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या रानातल्या चिखलाला तो लावायला गेलात, तर फसाल.

आता घर्षणाच्या दिशेकडे वळू. 'घर्षण गतीला विरोध करते' हे वाक्य सर्वांना पाठ असते, पण ते अर्धेच खरे आहे. घर्षणाचा विरोध गतीला नसतो. एक पृष्ठभाग दुसऱ्यावर घसरण्याला असतो. आपण चालतो तेव्हा पाय जमिनीला मागे रेटतो आणि मागे घसरू पाहतो. घर्षण ते घसरणे अडवते, म्हणजे पायाला पुढे ढकलते. घर्षण नसते, तर आपल्याला एक पाऊलही पुढे टाकता आले नसते.

उमरग्यावरून सोलापूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ९ होता, आता ६५ आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या ट्रकमध्ये आपले ते ५० किलोचे पोते नुसतेच ठेवले आहे, बांधलेले नाही, असे समजा. घर्षणांक पूर्वीचेच. ट्रक ३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघाला. पोते ट्रकबरोबर जायचे असेल, तर त्यालाही तेवढेच त्वरण मिळाले पाहिजे. त्यासाठी ५० गुणिले ३, म्हणजे १५० न्यूटन बल हवे. ते कोण देणार? पोत्याला आडवे बल देऊ शकेल असे तिथे घर्षणाशिवाय दुसरे काहीच नाही. हद्द २५०, गरज १५०. घर्षण १५० देते, तेही पुढच्या दिशेने, आणि पोते ट्रकबरोबर निमूटपणे जाते. इथे घर्षण हेच निव्वळ बल आहे.

पुढे अचानक म्हैस आडवी आली आणि चालकाने जोरात ब्रेक दाबला. ट्रकचा वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रति सेकंद इतका घटू लागला. पोत्याचाही वेग तसाच घटायचा, तर ५० गुणिले ६, म्हणजे ३०० न्यूटन बल लागेल. हद्द २५०. पुरत नाही. पोते घसरते. गतिक घर्षण २०० न्यूटन. त्याने पोत्याचा वेग दर सेकंदाला ४ नेच घटतो. ट्रक लवकर थांबतो, पोते मागे रेंगाळायचे सोडून केबिनच्या दिशेने पुढे येते.

"पोतं हलकं होतं म्हणून घसरलं; जड माल असता तर बसून राहिला असता," असे पुष्कळांना वाटते. पाहू या. २०० किलोचे यंत्र ठेवले. हद्द ०.५ गुणिले २,०००, म्हणजे १,०००. गरज २०० गुणिले ६, म्हणजे १,२००. तेही घसरले. १० किलोची पेटी ठेवली. हद्द ५०, गरज ६०. तीही घसरली. वजन चौपट झाले, तर हद्द चौपट होते हे खरे, पण गरजही चौपट होते! दोन्हीकडून वस्तुमान छेदले जाते आणि उरतो तो एवढाच प्रश्न: त्वरण हे घर्षणांक गुणिले गुरुत्वत्वरण यापेक्षा जास्त आहे काय? आपल्या उदाहरणात ही सीमा ५ आहे. ती ओलांडली, की जड आणि हलके दोघेही घसरणारच. फरक इतकाच की, जड वस्तू येऊन आदळली तर जास्त घात करते. म्हणून माल जड असेल तर तो बांधायची गरज अधिक, कमी नव्हे.

आता सुरुवातीला म्हटले त्या प्रश्नाकडे येऊ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र संपता संपता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीजवळ भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील औसा आणि आपला उमरगा या तालुक्यांना त्याची सर्वांत मोठी झळ पोचली. आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते. तेही उद्ध्वस्त झाले. सुमारे ८,००० माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा मध्यम प्रतीचा. मग एवढी माणसे का गेली?

आपल्याकडची जुनी घरे आठवा. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, आणि वर मातीचा जाड थर दिलेले माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. पिढ्यान्‌पिढ्या लोक म्हणत आले, "भिंत जड आहे, हलायची नाही." ऊन, वारा, पाऊस यांपुरते ते बरोबरही होते.

पण भूकंपात काय होते? पायाखालची जमीन आडवी, पुढेमागे हिसके देते. भिंतीतला वरचा दगड खालच्या दगडावर टेकलेला असतो. खालचा दगड जमिनीबरोबर सरकतो. वरच्याने त्याच्याबरोबर जायचे असेल, तर त्याला आडवे बल मिळाले पाहिजे. ते कोण देणार? सिमेंट नाही, लोखंड नाही. मधली माती वाळून भुसभुशीत झालेली. उरते ते घर्षण. म्हणजे आपला ट्रक आणि पोतेच की हे! तिथे आपण पाहिले की, वजन वाढवून काही लाभ होत नाही. दगड जड असला तर त्याला धरणारे घर्षण वाढते, पण त्याला हलवायला लागणारे बलही त्याच प्रमाणात वाढते. जडपणाचा भरवसा इथे फोल ठरतो.

त्यात आणखी एक भर पडते. भूकंपात जमीन आडवी हलते तशीच ती वरखालीही हलते. ज्या क्षणी ती २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने खाली जाते, त्या क्षणी लंब प्रतिक्रिया दर किलोग्रॅमला १० न्यूटनऐवजी ८ च राहते. घर्षणांक ०.५ धरला, तर सीमा ५ वरून ४ वर येते. ४.५ चा आडवा हिसका एरवी सोसला असता. त्या क्षणी सोसत नाही. तिरके ओढल्यावर पोते हलके झाले होते, तसाच हा प्रकार.

खरी भिंत ही अर्थात एक ठोकळा नसते. ती घसरते तशी फुगते, कलते आणि तिच्या वरच्या भागाला हिसके अधिक बसतात. शिवाय आपली जाड भिंत पुष्कळदा एक भिंत नसतेच. बाहेरून एक दगडी पदर, आतून दुसरा, आणि मध्ये माती-गोट्यांची भरती. दोन्ही पदरांना जोडणारे, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातलेले नसले, तर हादरे बसताच दोन पदर एकमेकांपासून सुटतात आणि कोसळतात. माळवदाची माती मग झोपलेल्या माणसांवर येते. काही घरांत मात्र छताचा भार लाकडी खांब आणि तुळयांनी स्वतंत्रपणे पेलला होता. तिथे भिंती पडल्या तरी छत खांबांवर उभे राहिल्याचे आढळले. हा दैवयोग नव्हता. तिथे छताला धरून ठेवायला घर्षणाखेरीज लाकडाचे सांधे होते, इतकाच अर्थ.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि हजारो जुन्या घरांची मजबुती करण्याचे काम निघाले. दगडमातीच्या घरांसाठी भारतीय मानक १३८२८ हे १९९३ सालचेच आहे. त्यातल्या मुख्य सूचना पाहिल्या, तर त्या आपल्या हिशेबाशी जुळतात. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला. दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना बांधणारा सलग पट्टा फिरवा. छत हलके ठेवा. म्हणजे केवळ घर्षणाच्या हद्दीवर विसंबू नका, बांधून घ्या. ट्रकमधल्या पोत्याला दोर, तसा भिंतीला पट्टा.

आजही खेड्यांतून जुन्या भिंती उभ्या आहेत, आणि नवे कुंपण किंवा गोठा बांधताना दगड नुसते मातीत रचले जातात. गवंडी काम करत असेल तिथे जाऊन विचारा, "आरपार दगड किती अंतरावर घालता?" जे मूल अकरावीत घर्षणाची उदाहरणे सोडवते, त्यालाही सोबत न्या. त्याच्या हाती असा एक दगड द्या आणि विचारा की, जमीन हलली तर या दगडाला आडवे बल कोण देईल, किती लागेल, आणि हद्द किती आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने नीट दिली, तर घर्षणाचा धडा त्याला समजला म्हणायला हरकत नाही. परीक्षेतले गुण त्यामागोमाग येतील.